जुने घरगुती संगणक: दिवाळीच्या साफसफाईआधी कॅसेटी आणि फ्लॉप्या बाहेर काढा (इंदूर)

रामबागकर | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

आता घरोघरी साफसफाई सुरू होईल. माळे रिकामे होतील, अटाळेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, हाक जाईल, नाहीतर सकाळच्या गाडीत ई-कचऱ्याच्या कप्प्यात जुनं सामान पडेल. शहर स्वच्छ राहतं याचा मलाही अभिमान आहे. फक्त त्याआधी एक विनंती: माळ्यावर जुना संगणक, त्याच्या कॅसेटी, फ्लॉप्या किंवा हाताने लिहिलेली प्रोग्रामची वही असेल तर टाकू नका. इथे कळवा.

ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक जमवणं आणि ते चालू ठेवणं हा माझा जुना नाद. माझ्याकडे १९८२ सालचा रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटिश संगणक आहे. ४८ केबी मेमरी, साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, पडद्याच्या जागी घरातला टीव्ही आणि डिस्कच्या जागी घरातला टेपरेकॉर्डर. एक कमोडोर ६४ आहे, तोही १९८२ चाच. दोन्ही नातेवाइकांच्या बॅगेतून परदेशातून आले.

पण शोध आहे तो इथे बनलेल्या मशिनींचा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाच्या परवान्यावर बनवलेला युनिकॉर्न. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला २५० शाळा घेतल्या, आणि त्यासाठी बीबीसी मायक्रोच निवडला होता. आपल्यापैकी काहींचा पहिला संगणक तोच असणार.

आणि मशिनीपेक्षाही मला काळजी आहे ती कॅसेटींची. स्पेक्ट्रम जगभरात लाखांनी खपला, पैसे मोजले की आजही मिळतो. ब्रिटिश खेळ हजारोंनी जपून ठेवलेले आहेत. पण इथल्या कोणी भिशीचा हिशेब लिहिला असेल, कोणी तिथी काढायचा प्रोग्राम केला असेल, कोणी पोरांसाठी पाढे बसवले असतील, त्याची एकच प्रत असते. ती कुठल्यातरी भावगीतांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला असते, आणि तिच्यावर काही लिहिलेलंही नसतं. ती गेली की गेलीच.

---

सुदामानगर | शुक्रवार, रात्री १०:३५

रामबागकर दादा, डीबी स्पेक्ट्रम आमच्या शेजारच्या काकांकडे होता. आम्ही गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या बैठकीत जमिनीवर बसायचो.

कॅसेट लावायचा विधी अजून तोंडपाठ आहे. इंग्रजी 'जे' अक्षराचं बटण दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेपरेकॉर्डरचं प्ले. आधी एकसुरी लांब शिट्टी आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे. मग करकर आवाज आणि निळे-पिवळे बारीक पट्टे. काका म्हणायचे, आता माल येतोय.

आणि ते चित्र! वरून खाली सरळ यायचं नाही. पडद्याचे तीन भाग, प्रत्येक भागात दर आठव्या ओळीला एकेक रेघ भरायची, सगळं काळं-पांढरं. आम्ही ओळखायचा प्रयत्न करायचो की किल्ला आहे की जहाज. शेवटच्या काही सेकंदांत रंग चढायचे, ठोकळ्या-ठोकळ्यांनी. तो क्षण आला की सगळे ओरडायचे. त्यानंतर अख्खा खेळ यायला चार-पाच मिनिटं. कोणी पंख्याचं बटण दाबायचं नाही, कोणी टेबलाला धक्का द्यायचा नाही. शेवटी 'टेप लोडिंग एरर' आलं की पुन्हा पहिल्यापासून.

काकांचा मुलगा आता बाहेरगावी असतो. त्याला उद्याच फोन करतो.

---

पलासिया_९८ | शनिवार, सकाळी ८:१५

धागा आवडला. एक शंका विचारतो, राग मानू नका. हे सगळे खेळ फोनवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशिनीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतात, फुकट आणि झटकन. मग जुनी मशीन, टेपरेकॉर्डर, डबा टीव्ही हा पसारा घरात कशासाठी? आठवण म्हणून एक शोभेला ठेवणं समजू शकतो.

---

रामबागकर | शनिवार, सकाळी ९:०५

राग कसला, प्रश्न रास्तच आहे. एम्युलेटर मीही वापरतो, ज्यांनी ते लिहिले त्यांचे उपकार आहेत.

पण एम्युलेटरला काहीतरी खायला घालावं लागतं. ती फाइल कॅसेटवरून यावी लागते. ब्रिटिश खेळांच्या फाइली तयार आहेत, आपल्या काकांच्या प्रोग्रामची नाही. आणि कॅसेटवरून उतरवलेलं बरोबर आहे की नाही हे ज्या मशिनीवर ते लिहिलं तिच्यावरच पक्कं कळतं.

दुसरं असं की स्पेक्ट्रमला आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग दाखवता येतात. फोनवर ती खोट वाटते. जुन्या टीव्हीवर बघितलं की कळतं, चित्र काढणाऱ्याने ती मर्यादा धरून किती विचार केलाय, कुठे काळी किनार सोडलीय, कुठे आकृती चौकोनाच्या हद्दीत बसवलीय. माझ्या घरी या, दाखवतो.

---

मीनल_लोकमान्यनगर | शनिवार, दुपारी २:४०

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

हा धागा मी बाबांना वाचून दाखवला. बाबा मिलच्या हिशेब खात्यात होते. रिटायर होऊन बराच काळ झाला, पण डोकं अजून खणखणीत. ऐकता ऐकता उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि साडीच्या खोक्यातून डीबी स्पेक्ट्रम, कॅसेटी आणि एक आलेखाची वही काढून माझ्यासमोर ठेवली. हे घरात आहे हे आईशिवाय कोणाला माहीतच नव्हतं.

वहीत काय आहे ते सांगते. पानोपानी आठ बाय आठचे चौकोन आणि त्यात पेन्सिलने भरलेली अक्षरं. मराठी अक्षरं! शेजारी बाबा बसलेत, ते सांगतायत तसं टाइप करते:

"स्पेक्ट्रमला देवनागरी येत नव्हती. पण २१ जागा मोकळ्या ठेवलेल्या, त्यात आपण आपले आकार भरायचे. एका आकाराला आठ आकडे, वरून खाली एकेका ओळीला एक. २५५ म्हणजे आठही ठिपके काळे. म्हणजे झाली शिरोरेखा. शेजारच्या अक्षराचीही वरची ओळ २५५, की दोन्ही रेघा आपोआप जुळतात. मग २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ० हा झाला 'प'. तिसऱ्या ओळीत ६६ च्या जागी ८२ आणि चौथीत ७४ टाका, पोटात तिरकी रेघ येते. हा 'ष'."

मी आत्ता कागदावर ठिपके मांडून बघितले. खरंच 'प' होतो!

मी चार वर्षांची असताना बाबांनी हे माझ्यासाठी केलं होतं म्हणे. टीव्हीवर मोठं अक्षर यायचं आणि आपण बटण दाबलं की त्याची बाराखडी. मला पुसटसं आठवतं, पण इतकी वर्षं वाटायचं की तो टीव्हीवरचाच कुठला कार्यक्रम असेल.

रामबागकर काका, आता आम्ही काय करायचं? बाबा म्हणतायत लगेच लावून बघू.

---

रामबागकर | शनिवार, दुपारी २:५२

मीनलताई, बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हात जोडून विनंती करा की आत्ता काहीही लावू नका. मशीनही नाही, कॅसेटही नाही.

१. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन उलटी असते, आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आजचे बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट. पिन बसते, मशीन जळते. मूळ अडॅप्टर असला तरी आधी मीटर लावून तपासायचा.

२. कॅसेट साध्या प्लेअरमध्ये घालू नका. इतकी वर्षं एका जागी पडलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात. आतली फेल्टची गादी, जी फीत हेडवर दाबून धरते, तिचा गोंद सुटलेला असतो. आधी हाताने पेन्सिलीने सावकाश एकदा पुढे, एकदा मागे फिरवायची. अडलं तर जोर नाही.

३. वहीचे प्रत्येक पानाचे फोटो आजच काढा. कॅसेट नाहीच वाचता आली तरी त्या आकड्यांवरून अक्षरं परत उभी करता येतील.

बाबांना एक विचारा. मराठीला २१ जागा कशा पुरल्या?

---

मीनल_लोकमान्यनगर | शनिवार, दुपारी ३:३०

फोटो काढले. बाबांचं उत्तर:

"नाहीच पुरल्या. पहिल्या प्रोग्रामात व्यंजनंच अर्धीमुर्धी बसली. नंतर पुस्तकात वाचलं की २३६०६ या पत्त्यावर अक्षरसंच कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तो पत्ता बदलला की इंग्रजीचा अख्खा ९६ अक्षरांचा संच बाजूला ठेवून आपला लावता येतो. ७६८ बाइट लागतात. मग मात्रा वेगळ्या केल्या. शिरोरेखेने वरची ओळ खाल्ली, म्हणून वेलांटीला त्याच चौकोनात जागा उरत नाही. ती वरच्या ओळीतल्या चौकोनात काढायची. म्हणजे मराठीची एक ओळ पडद्याच्या दोन ओळी घेणार. २४ ओळींच्या पडद्यावर १२ ओळी मराठी. आणि पहिल्या २१ मध्येही मी 'ळ' बसवला होता. ङ आणि ञ सोडले, पण हिंदी मुलखात राहतो म्हणून ळ सोडणार नाही म्हटलं."

आई आतून म्हणाली, तेव्हा रात्ररात्र हेच चालायचं.

---

जेलरोड_रिपेअर | शनिवार, रात्री ८:२०

भिया लोक, माझं रिपेअरिंगचं काम आहे, जुन्या बोर्डांवर हात बसलेला आहे. काही गोष्टी सांगून ठेवतो कारण या दिवसांत लोक जुनं सामान काढून सरळ प्लगमध्ये लावून राहिलेत.

बीबीसी मायक्रो किंवा त्या काळचा कुठलाही स्विचिंग सप्लायवाला संगणक सापडला, तर पहिल्यांदा झाकण उघडा. वीज जिथून आत येते तिथे पिवळट पारदर्शक ठोकळ्यासारखे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते. बाहेरून मशीन नवी दिसते, चालूही होते, आणि थोड्या वेळाने फाटकन आवाज, खोलीभर घाणेरडा धूर. मशीन बहुधा वाचते, पण घरचे लोक तिला पुन्हा घरात घेत नाहीत. हे कपॅसिटर चालू करण्याआधीच बदलायचे. प्लास्टिक फिल्मवाले नवे, एक्स-२ वर्गाचे, स्वस्तात मिळतात.

२८६, ३८६ चे बोर्ड असतील तर बॅटरी बघा. बोर्डावर सोल्डर केलेला निकेल-कॅडमियमचा निळा नाहीतर हिरवा छोटा पिंप असतो, ३.६ व्होल्टचा. तो पाझरतो आणि तांब्याच्या रेघा खातो. ठेवायचा असला तरी बोर्ड नुसता ठेवू नका, ती बॅटरी आज कापून काढा. हिरवं चढलेलं असेल तर पांढरं व्हिनेगर लावून ब्रशने घासा, ते अल्कली मारतं. मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवा.

कमोडोर ६४ वाल्यांनी मूळ अडॅप्टर वापरूच नये. तो मरताना ५ व्होल्टच्या जागी जास्त देतो आणि मेमरीच्या चिपा नेतो.

मीनल ताई, बाबांना घेऊन या, अडॅप्टर आणि मशीन तपासून देतो. पैशाचं नाव काढू नका. टीव्हीचंही करून देतो. अँटेनाच्या सॉकेटसाठी सिग्नल बनवणारा मॉड्युलेटर बाजूला काढून सरळ व्हिडिओचा सिग्नल बाहेर घेतला की आजच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटवर चित्र येतं. मूळ वायर मी कापत नाही, नुसती सोडवून ठेवतो, म्हणजे कधीही पूर्ववत करता येतं.

---

छापखाना_छावणी | रविवार, सकाळी ७:३०

कॅसेटींवर चर्चा चालू आहे म्हणून फ्लॉप्यांचं सांगतो. आमच्या छापखान्यात १९९० च्या आसपास पहिला पीसी आला. त्यात पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसमध्ये वर्डस्टार उघडायचं आणि पडद्यावर सरळ देवनागरी. वडिलांनी खिळे जुळवण्यात आयुष्य काढलेलं, ते खुर्ची ओढून नुसते बघत बसले होते.

त्या काळातल्या लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, सगळं ५¼ इंची फ्लॉप्यांवर माझ्याकडे पडलंय. ३६० केबीची एकेक. इंदुरातल्या मराठी मंडळींचा दशकभराचा व्यवहार आहे तो.

त्यात एक भेद लक्षात ठेवा. जिस्टने लिहिलेला मजकूर इस्की या प्रमाण संकेतात असतो. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे तो मजकूर आज जवळपास जसाच्या तसा उतरवता येतो. नंतर विंडोज आलं आणि जो तो आपापला फॉन्ट घेऊन बसला. त्या फाइलींत 'क' च्या जागी कुठलंतरी इंग्रजी अक्षर असतं, कोणता फॉन्ट होता हे माहीत नसेल तर मजकूर नुसता गाळ. म्हणून फ्लॉपी देताना फॉन्टचं नाव आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्याच.

आणि बुरशी. आपल्याकडचा पावसाळा फ्लॉपीला सोसत नाही. पाकिटाच्या उघड्या खिडकीतून चकती उजेडात बघा, पांढुरके ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका. ती तर खरवडली जाईलच, पण हेडला लागलेली घाण पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला लागेल.

---

पलासिया_९८ | रविवार, सकाळी १०:०५

मी शंका काढली होती, पण आता रोज हा धागा उघडतोय. माझ्याकडे मोठ्या भावाचा नव्वदच्या दशकातला एक कीबोर्ड आणि डबा आहे, पार पिवळा पडलाय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरा होतो असं वाचलं. करू का?

---

जेलरोड_रिपेअर | रविवार, सकाळी १०:४०

होतो. पार्लरच्या सामानाच्या दुकानात १२ टक्क्यांचं क्रीम मिळतं, ४० व्हॉल्यूम म्हणून मागा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कातडी भाजते. पण सारखं पसरलं नाही तर ढगांसारखे डाग पडतात आणि ते कायमचे. शिवाय काही महिन्यांनी पिवळेपण परत येतं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, आतून नीट करून घ्या, वरून राहू द्या.

---

रामबागकर | रविवार, सकाळी ११:१५

माझंही तेच मत. स्क्रू, स्टिकर, बिल, हमीपत्र यांतलं काही टाकू नका. भारतीय मशिनींबद्दल छापील माहिती इतकी कमी आहे की मागच्या स्टिकरवरचा क्रमांकसुद्धा मोलाचा आहे.

छापखानावाले साहेब, तुमच्या फ्लॉप्यांबद्दल वाचून मी सकाळपासून अस्वस्थ आहे. ३६० केबीच्या फ्लॉपीवर कडेला जी खाच असते तिच्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही तिच्यावर लिहिलं जाणार नाही. ३½ इंचीचं उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं. वाचायला माझ्याकडे ग्रीसविझल आहे. हे छोटं सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडलं की चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे यूएसबीने आजच्या संगणकात घेतं. एखादं सेक्टर खराब असलं तरी बाकीचं वाचतं.

---

मीनल_लोकमान्यनगर | बुधवार, रात्री ९:१०

लिहायला उशीर झाला, पण कारण चांगलं आहे.

जेलरोडवाल्या दादांनी मशीन तपासून दिली. कीबोर्डच्या आतली पातळ पट्टी वाळून तुटलीय, ती मागवावी लागेल. बाकी सगळं ठीक. अडॅप्टर नवा बनवून दिला.

काल संध्याकाळी रामबागकर काका घरी आले. टेप डेक, अल्कोहोल, कापूस, बारीक स्क्रू ड्रायव्हर सगळं घेऊन. आधी हेड पुसलं. मग कॅसेट लावून हेडच्या बाजूचा स्क्रू अगदी किंचित फिरवत बसले. आवाज दबका होता तो एका जागी एकदम तीक्ष्ण झाला, म्हणाले इथेच थांबायचं. डॉल्बी बंद. ४४.१ किलोहर्ट्झवर, एमपी३ नाही, साधी वेव्ह फाइल.

पहिल्या बाजूचा पहिला प्रोग्राम पूर्ण उतरला. एम्युलेटरवर लावला. पडद्यावर 'क' आला, खाली 'का कि की कु कू'. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "ळ दाब". बटण कुठलं ते मला सांगावं लागलं नाही, बोट गेलं तिथे.

दुसऱ्या बाजूला बाबांनी आमच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवला होता. त्यातला एक भाग चेकसमवर, म्हणजे वाचलेलं बरोबर आहे का हे तपासणाऱ्या आकड्यावर, अडतोय. काका म्हणाले फीत तिथे चुरगळलीय, दोन-तीन वेगवेगळ्या डेकवर वाचून जुळवता येईल.

बाबांची परवानगी आहे, वहीचे फोटो आणि फाइल सगळ्यांसाठी इथे ठेवतेय.

---

सुदामानगर | बुधवार, रात्री ९:४५

मीनलताई, वाचून फार आनंद झाला. बाबांना साष्टांग नमस्कार.

शेजारच्या काकांच्या मुलाशी बोललो. मशीन अटाळ्यात गेली, पण कॅसेटी आईने ठेवल्या आहेत, गाण्यांच्या कॅसेटींत मिसळलेल्या. तो दिवाळीला येतोय, सगळी पेटी आणतो म्हणाला. एकेक लावून ऐकावी लागेल.

---

रामबागकर | बुधवार, रात्री १०:२०

पेटीच आणू द्या, मी ऐकतो. शिट्टी कुठे सुरू होते ते दोन सेकंदांत कळतं.

वर्गणीच्या बाजूसाठी मला आणखी एक चांगला डेक हवा आहे, ज्याचं हेड फार झिजलेलं नाही असा. कोणाकडे असेल तर आठवडाभरासाठी द्या.

रविवारी सकाळी छावणीत छापखान्यावर जमूया, फ्लॉप्या तिथेच वाचू. जेलरोडवाले दादा, तुम्ही याच. मी ग्रीसविझल आणि ५¼ चा ड्राइव्ह आणतो. माझी ३४ पिनांची केबल ३½ वाली आहे, रुंद पट्टीच्या कनेक्टरची कोणाकडे आहे का?

---

पलासिया_९८ | बुधवार, रात्री १०:३१

भावाच्या डब्यात बघितलं. दोन्ही कनेक्टर असलेली केबल आहे. रविवारी घेऊन येतो, आणि त्या डब्यातल्या फ्लॉप्याही.